प्रेतांची पारध

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही साताऱ्यास आमच्या जुन्या घरीं गेलों असतां घडलेली गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपलीं होतीं व ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही वर्तमानपत्र चाळीत पडलों होतों. इतक्यांत आमच्या धाकट्या बंधूंचे तेरा वर्षांचे चिरंजीव हातांत मोबाईल धरून, पाऊल न वाजवितां आंत शिरले आणि एकदम ओरडले, “काका, हलूं नका! तुमच्या मागें आहे!” आम्हीं दचकून मागें वळून पाहिलें. मागें आमच्या तीर्थरूपांची आरामखुर्ची तेवढी होती. तीर्थरूप जाऊन आतां नऊ वर्षें होतील. खुर्ची कोणीं हलविली नाहीं व तिजवर सहसा कोणी बसतहि नाहीं. चिरंजीवांनीं मोठ्या औदार्यानें मोबाईल आमच्या हातीं दिला. पाहतों तों तीच ओसरी, तीच शहाबादी फरशी, तीच खुर्ची. आणि खुर्चीच्या हाताशीं फाटक्या कपड्यांतलें, हिरवट कातडीचें, जबडा लोंबत असलेलें एक प्रेत उभें राहून आमच्याकडे हात पसरीत होतें! “दाबा काका, लाल बटण दाबा!” आम्हीं दाबलें. प्रेताचें मस्तक फुटलें, तें फरशीवर कोसळलें आणि विरून गेलें. लगेच माजघराच्या दारांतून दुसरें निघालें. खोटें कशास सांगा, पुढचीं दहा मिनिटें आम्हीं तो मोबाईल चिरंजीवांस परत दिला नाहीं.

रात्रीं मात्र मनास थोडी चुटपूट लागली. ज्याच्यावर आपण गोळी झाडली तो कोण, कोठला, हें विचारल्यावांचून इतिहास शिकविणाऱ्या माणसास राहवत नाहीं. ती एक खोडच आहे. हीं प्रेतें आमच्या ओसरीवर आलीं कशीं, आणि मुळांत तीं कोणाचीं, या दोन प्रश्नांच्या मागें लागतां लागतां आम्ही बरेच लांब जाऊन पोंचलों. तोच प्रवास येथें सांगावयाचा आहे.

प्रथम नांवांविषयीं. जें समोर खरोखर दिसत आहे त्यांतच जें नाहीं तें मिसळून दाखविणाऱ्या या विद्येस इंग्रजींत ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. मराठींत ‘संवर्धित वास्तव’ असा प्रतिशब्द योजिलेला आढळतो; शब्द शुद्ध आहे, पण जरा जड आहे, आणि प्रेतें उभीं केल्यानें वास्तव ‘संवर्धित’ होतें हें म्हणणें आमच्यासारख्यास चमत्कारिक वाटतें. दुसरें नांव ‘झॉम्बी’. हें कानावर येतांच मराठी माणसास ‘झोंबी’ आठवते. परंतु झोंबी म्हणजे अंगाशीं भिडणें, मातींत लोळणें, प्रतिपक्षाचा घाम आपल्या अंगास लागणें. झॉम्बीच्या खेळांत नेमकें हेंच टाळावयाचें असतें. तो अंगाशीं येण्यापूर्वीं त्यास दुरून लोळवावयाचा, एवढाच खेळ. दोन शब्दांचा संबंध कांहीं नाहीं. पण विरोध मोठा सुरेख जुळला आहे.

बसल्या जागीं भुतें दाखविण्याची कला नवी नव्हे. फ्रान्समधील राज्यक्रांतीचा रक्तपात नुकताच ओसरला होता तेव्हां, म्हणजे १७९८ सालीं, लिएज गांवच्या एत्येन-गास्पार रोबेर या गृहस्थानें पॅरिसमध्यें ‘फँटस्मागोरिया’ नांवाचे प्रयोग सुरू केले. ‘रॉबर्टसन’ हें त्याचें रंगभूमीवरचें नांव. पुढल्याच वर्षीं त्यानें आपला मुक्काम कापुचिन जोगिणींच्या ओस पडलेल्या मठांत हलविला. जागेची निवड पाहूनच त्याच्या धंद्याची समज कळते. चाकांवर बसविलेला जादूचा कंदील पडद्यामागें पुढें-मागें सरकवावा, म्हणजे पडद्यावरचें भूत वाढत वाढत प्रेक्षकांच्या अंगावर आल्यासारखें दिसे. कधीं पडद्याऐवजीं धुरावरच चित्र पाडीत. ज्यांच्या घरचीं माणसें गिलोटिनखालीं गेलीं तेच लोक पैसे देऊन अंधारांत बसत आणि मेलेले परत आलेले पाहत. तेथें भुतास मारण्याची सोय मात्र नव्हती. भ्यावयाचें, आणि घरीं जावयाचें.

पुढची पायरी लंडनची. १८६२ सालच्या नाताळांत तेथील रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत प्रोफेसर जॉन हेन्री पेपर यांनीं डिकन्सच्या एका कथेचा प्रवेश रंगविला, त्यांत जिवंत नटाच्या शेजारीं पारदर्शक भूत वावरतांना लोकांनीं पाहिलें. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या एंजिनियराची; तथापि कीर्ति पेपरच्या पदरीं पडली व अद्यापहि या युक्तीस ‘पेपरचें भूत’ असेंच म्हणतात. युक्ति साधी आहे. रंगमंचाच्या पुढील बाजूस तिरपी, भली मोठी स्वच्छ कांच उभी करावयाची. खालीं प्रेक्षकांच्या दृष्टीआड एक नट झगझगीत प्रकाशांत उभा राहतो, त्याचें प्रतिबिंब कांचेंत उमटतें, आणि कांचेंतून पलीकडचा खरा रंगमंचहि दिसतो. रात्रीं आगगाडीच्या खिडकींतून बाहेरच्या झाडांवर आपलाच चेहरा तरंगतांना ज्यानें पाहिला आहे त्यास अधिक सांगावयास नको. आमच्या ओसरीवरील प्रेताचा खरा पूर्वज हाच, कारण खऱ्या जागेंत खोटा प्राणी उभा करण्याची विद्या येथें प्रथम पुरती साधली.

आपल्याकडेहि या विद्येचे उपासक झाले. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हातानें रंगविलेल्या कांचेच्या चित्रपट्ट्या व कंदील यांच्या साह्यानें हलत्या चित्रांचे खेळ केले व त्यांस ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव दिलें. शंबर हा मायावी असुर; त्याची माया ती शांबरी. पटवर्धनांच्या पट्ट्यांवर पुराणांतल्या कथा असत, आणि प्रेक्षक भ्यावयास नव्हे, रमावयास येत. नांव ठेवण्यांत आमचे लोक इंग्रजांपेक्षां कमी पडले नाहींत, इतकें म्हणावयास हरकत नाहीं.

यापुढें या कथेस जें वळण लागतें तें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. पेपरची कांच रंगभूमीवरून उतरली ती थेट बंदुकीवर जाऊन बसली. १९०० सालीं डब्लिनचे दुर्बिणी बनविणारे हॉवर्ड ग्रब यांनीं एका नव्या तऱ्हेच्या नेमयंत्राचें पेटंट घेतलें. नेम धरणाराच्या डोळ्यापुढें तिरपी कांच, आणि तींत परावर्तनानें उमटलेली प्रकाशाची खूण. ती खूण दूरच्या लक्ष्यावरच ठेवल्यासारखी दिसे. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांच्या वैमानिकापुढें हींच तेजस्वी वर्तुळें तरंगत होतीं. भूत दाखविणाऱ्या कांचेनें आतां भूत करावयास मदत करावी, हा योग कोणा नाटककारास सुचला असता तर आम्हीं त्यास कृत्रिम म्हटलें असतें.

त्याच सुमारास करमणुकीच्या बाजारांतहि बंदूक येऊन पोंचली. १९३६ सालीं अमेरिकेंतील सीबर्ग कंपनीनें ‘रे-ओ-लाइट’ नांवाचें यंत्र काढलें. त्यांतील बंदुकींतून गोळीऐवजीं प्रकाशाचा झोत सुटे आणि पुढें सरकणाऱ्या खोट्या बदकावरील प्रकाशग्राही नळी तो ओळखून बदक पाडी. पुढें दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या बंदुका निघाल्या त्यांत हा क्रम उलटला: प्रकाश पडदा फेंकूं लागला आणि त्यास पाहणारा डोळा बंदुकीच्या नळींत गेला. जपानच्या निंटेंडो कंपनीचा १९८४ चा ‘डक हंट’ याच जातीचा. अद्याप मारावयाचें होतें तें बदकच.

अमेरिकेंत १९६८ सालीं इव्हान सदरलंड या संगणकशास्त्रज्ञानें डोक्यावर चढविण्याचें एक यंत्र जगापुढें मांडलें. दोन इवल्या चित्रनळ्या व अर्धा पारा दिलेले आरसे डोळ्यांपुढें. पाहणाऱ्यानें मान वळविली कीं छताला टांगलेला लोखंडी हात ती हालचाल संगणकास कळवी, आणि खोलींत अधांतरीं तरंगणारा प्रकाशरेषांचा घन त्या बेतानें फिरे. पेपरची कांच येथेंहि आहे. फक्त खालीं लपलेल्या नटाच्या जागीं गणित आलें आहे. पुढें बोइंग कंपनींत विमानांच्या तारांचें किचकट जाळें विणणाऱ्या कामगारांस नकाशे डोळ्यांपुढेंच दिसावे म्हणून टॉम कॉडेल व डेव्हिड मायझेल यांनीं अशाच यंत्राचा विचार केला, आणि १९९२ च्या त्यांच्या निबंधाबरोबर ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्द विद्वानांत रूढ झाला. इतका सोज्ज्वळ जन्म या शब्दाचा!

आतां दुसरा प्रश्न. प्रेतें कोणाचीं?

कॅरिबियन समुद्रांतील हिस्पान्योला बेटाचा पश्चिम भाग १६९७ च्या तहानें फ्रान्सकडे आला. फ्रेंचांनीं त्यास सँ-दोमँग म्हटलें व तेथें ऊंस लावला. शंभर वर्षांच्या आंत तो प्रदेश जगांतील अत्यंत किफायतशीर वसाहत झाला, आणि १७८९ च्या सुमारास तेथें सुमारें पांच लाख आफ्रिकी गुलाम राबत होते. मळ्यांवर व साखरेच्या घाण्यांवर माणसें इतक्या लवकर मरत कीं, जन्मणाऱ्यांनीं ती संख्या भरून येत नसे; दरसाल जहाजें भरभरून नवीं माणसें आणावीं लागत. अशा ठिकाणीं मरण हीच एक सुटका होती. पुष्कळ गुलामांची श्रद्धा अशी कीं, मेल्यावर आत्मा समुद्रापार आपल्या आफ्रिकेस परत जातो. मग या सुटकेंतहि अडथळा आला तर? कोणी मांत्रिकानें मेलेल्यास उठविलें, त्याची जाणीव हिरावून घेतली आणि पुनः मळ्यावर जुंपलें तर? झॉम्बी ही या भयाची संतति आहे असें पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि आम्हांसहि तें पटतें. शब्द आफ्रिकेंतून आला असावा. परंतु त्यास जो अर्थ चढला तो उंसाच्या फडांतला.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. त्या बेटावर झॉम्बीला कोणी भीत नसे. झॉम्बी कोणास चावत नाहीं, कोणाचें मांस खात नाहीं, कोणाच्या मागें लागत नाहीं. तो खालीं मान घालून, सांगितलेलें काम करतो. भय असे तें झॉम्बी होण्याचें. ताज्या थडग्यावर नातलग पहारा करीत, तो प्रेत उठून आपणांस खाईल म्हणून नव्हे, तर आपल्या माणसास कोणी उठवून नेईल म्हणून. हैतीच्या फौजदारी कायद्यांत, एखाद्यास द्रव्य चारून मृतवत् करून पुरलें तर तो खूनच समजावा, अशा अर्थाचें कलम आलें, यावरून या भयाची खोली लक्षांत येईल.

१७९१ च्या ऑगस्टांत हे गुलाम उठले. तुसँ लुव्हर्त्यूरसारखा असामान्य पुढारी त्यांस लाभला; नेपोलियनच्या सैन्यानें त्यास कपटानें पकडून फ्रान्सच्या थंडगार किल्ल्यांत कोंडलें व तेथें तो १८०३ सालीं वारला; तरी डेसालिननें लढा पुरा केला आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाला. गुलामांनीं बंड करून राष्ट्र स्थापिल्याचें दुसरें उदाहरण इतिहासांत सांपडत नाहीं. पण पुढें काय झालें? १८२५ सालीं फ्रान्सचें आरमार हैतीच्या बंदरापुढें येऊन उभें राहिलें, आणि मान्यता हवी असेल तर आमच्या मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेबद्दल १५ कोटी फ्रँक भरा, अशी मागणी झाली. त्या मालमत्तेंत स्वतः हे गुलामहि आलेच! म्हणजे आपल्याच देहाची किंमत त्यांनीं आपल्या जुन्या धन्यांस चुकती करावयाची. रक्कम पुढें ९ कोटींवर आली, तरी ती भागविण्यास काढलेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता फिटावयास १९४७ साल उजाडलें. मेल्यावरहि धन्यासाठीं राबणारें प्रेत ही कल्पना ज्यांस अडाणी खेडुतांची वाटते त्यांनीं हा हिशोब एकदां डोळ्यांखालून घालावा.

१९१५ सालीं अमेरिकेच्या सैन्यानें हैतीचा ताबा घेतला तो १९३४ पर्यंत सोडला नाहीं. रस्ते बांधण्यासाठीं खेडुतांस धरून आणून फुकट राबविण्याची वेठ प्रारंभींच्या वर्षांत चालली होती. या काळांत विल्यम सीब्रुक नांवाचा एक साहसप्रिय अमेरिकन लेखक हैतींत राहून गेला व १९२९ सालीं त्यानें ‘द मॅजिक आयलंड’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. इंग्रजी वाचकांत झॉम्बी हा शब्द पसरला तो मुख्यतः या पुस्तकानें. सीब्रुक हा पुराव्याच्या बाबतींत फारसा काटेकोर लेखक नव्हे. परंतु त्यानें एका शेतकऱ्याच्या तोंडची म्हणून दिलेली कथा विसरतां येत नाहीं. अमेरिकन साखर कंपनीच्या फडांत एक मुकादम नऊ झॉम्बी आणतो व त्यांची मजुरी स्वतः खिशांत घालतो. त्यांस अळणी अन्नच द्यावें लागतें, कारण मिठाचा कण जिभेस लागला तर त्यांस आपण मेलेलों आहों याची जाणीव होते. एके दिवशीं मुकादमाच्या बायकोस त्यांची दया येते. ती त्यांस जत्रेस नेते आणि गुळाची एक वडी खावयास घेते. वडींतले दाणे खारे असतात, हें तिच्या ध्यानांत येत नाहीं. वडी तोंडांत जातांच ते सर्व एकदम उठतात, मोठा आकांत करतात, आणि डोंगरांतल्या आपल्या गांवाची वाट धरतात. गांवकरी आपापल्या माणसांस ओळखून धांवत येतात. ते कोणाकडे पाहत नाहींत. सरळ थडग्यांवर जाऊन, हातांनीं माती उकरून, तेथें पडतात.

‘खाल्ल्या मिठाला जागणें’ हा आमच्या भाषेंतला चाकराचा धर्म. हैतीच्या चाकरासहि मीठ जागें करतें, परंतु तें धन्याच्या बाजूनें नव्हे. मिठासंबंधीं याहून वेगळा विचार १९३० सालीं दांडीच्या किनाऱ्यावर आपण पाहिला आहे. तो विषय येथला नव्हे.

या पुस्तकाच्या पाठोपाठ १९३२ सालीं ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट आला. त्यांत बेला लुगोसीच्या साखरेच्या घाण्यावर झॉम्बी राबतांना दिसतात. एक जण आंत पडतो व चिरडला जातो, तरी घाणा थांबत नाहीं. येथवर तरी झॉम्बी हा मजूर होता. मग त्याचा नरभक्षक कसा झाला?

तें साल पुनः १९६८. सदरलंडचें यंत्र जगापुढें आलें त्याच वर्षीं, पिट्सबर्ग शहराच्या जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकानें सव्वा लाख डॉलरांहून कमी खर्चांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट काढला. पुनः उठलेलीं प्रेतें जिवंत माणसें खात हिंडत आहेत, सात माणसें एका शेतघरांत कोंडलीं गेलीं आहेत, आणि डोक्यांत गोळी घातल्याखेरीज प्रेत पडत नाहीं, असा त्याचा विषय. गंमत अशी कीं, झॉम्बी हा शब्द त्यांत कोठेंहि उच्चारलेला नाहीं. लोकांनींच तो मागाहून चिकटविला. त्याहून मोठी गंमत कायद्याची. चित्रपटाचें नांव ऐन वेळीं बदलतांना स्वामित्वहक्काची ओळ नव्या नांवाबरोबर टाकावयाची राहिली, आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणें तेवढ्या चुकीनें चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला. आज जगांत जो तो रोमेरोच्या प्रेतांवर खेळ रचतो यास ही एक गळलेली ओळहि थोडीबहुत कारण आहे. हैतीच्या प्रेतांवर तर कोणाचाच हक्क कधीं नोंदला गेला नव्हता.

त्या चित्रपटाचा शेवट मात्र पुढच्या खेळ करणारांनीं घेतला नाहीं. त्यांतील नायकाचें काम ड्वेन जोन्स या कृष्णवर्णी नटानें केलें आहे. रात्रभर प्रेतांशीं झुंजून तो एकटा वांचतो. सकाळीं बंदूकवाल्यांची टोळी प्रेतें टिपीत येते, खिडकींतून डोकावणारा हा माणूस त्यांस दुरून दिसतो, कोणी हांक मारीत नाहीं, कोणी विचारीत नाहीं, गोळी सुटते. मग त्यास आंकड्यांनीं ओढून इतर प्रेतांबरोबर जाळतात. ज्यांनीं तो शेवट पाहिला असेल त्यांस, ‘झॉम्बीस मारण्यांत पाप काय?’ हा प्रश्न इतका सरळ वाटणार नाहीं.

येथून दोन्ही प्रवाह एकत्र येण्यास फार काळ लागला नाहीं. १९९६ सालीं जपानच्या कॅपकॉम कंपनीचा झॉम्बींचा खेळ आला व लागोपाठ सेगा कंपनीनें बदकें बाजूस सारून बंदुकीपुढें प्रेतें आणलीं. २००० सालीं दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठांत ब्रूस थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘क्वेक’ हा प्रसिद्ध खेळ संगणकाबाहेर काढून ॲडिलेडच्या मोकळ्या मैदानावर आणला. खेळणाराच्या पाठीवर संगणकाचें ओझें, डोळ्यांपुढें अर्धपारदर्शक कांच, हातीं प्लास्टिकची बंदूक. विद्यापीठाच्या इमारतींमागून राक्षस निघत. अशा कांचेंत काळा रंग म्हणजे रिकामी जागा, हें जाणून त्यांनीं खऱ्या इमारतींची काळी प्रतिकृति संगणकांत उभी केली; तिच्याआड गेलेला राक्षस खऱ्या भिंतीआड गेल्यासारखा दिसे. पेपरनें हें पाहिलें असतें तर टोपी काढली असती.

मोबाईलवर आधीं डांस आले. सीमेन्स कंपनीच्या २००३ च्या एका फोनमध्यें कॅमेऱ्यानें दिसणाऱ्या खोलींत डांस उडत आणि ते टिपावयाचे असत. या खेळास आमचा काडीइतकाहि आक्षेप नाहीं. मग २००९ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया टेक संस्थेंत एक प्रयोग झाला. मेजावर छापील नकाशा पसरावयाचा. हातांतल्या यंत्रांतून पाहतां त्या कागदावर एक गांव उभें राहतें. गांवांत झॉम्बी शिरले आहेत आणि पाहणारा हेलिकॉप्टरांतून खालीं गोळ्या झाडीत आहे. नकाशावर रंगीत साखरगोळ्या ठेवल्या कीं त्यांचे बाँब होत! साखरेच्या फडांत जन्मलेला, गोड वडीच्या खाऱ्या दाण्यानें मुक्त झालेला झॉम्बी, आतां साखरेच्या गोळीनें उडविला जाऊं लागला. रचणारांच्या मनांत हें कांहीं नव्हतें. विद्यार्थी व अध्यापकांनीं निर्मळ हौसेनें केलेलें तें काम होतें. इतिहासाची स्मृति अशीच निर्मळपणें पुसली जाते.

यापुढील हकीकत थोडक्यांत. २०१६ च्या जुलैंत ‘पोकेमॉन गो’ निघाला व डिसेंबरांत आपल्याकडे आला. त्यांतले प्राणी पकडावयाचे असतात, मारावयाचे नसतात. २०१७ सालीं ॲपलनें व त्याच सुमारास गूगलनें अशी साधनें पुरविलीं कीं, छापील नकाशाचीहि गरज उरली नाहीं. कॅमेरा फरशीवरील डाग, सांधे, कोपरे हेरून ठेवतो, फोनमधील सूक्ष्म यंत्रें हाताचा कल व झोंक मोजतात, आणि दोहोंच्या मेळानें जमीन कोठें आहे हें संगणकास कळतें. आमच्या शहाबादी फरशीवर प्रेतें इतकीं ठाम उभीं राहत होतीं त्याचें रहस्य हें; शहरांतल्या गुळगुळीत, एकरंगी, चकचकीत फरशीवर तीं घसरतात, असें चिरंजीवांचें म्हणणें. २०१८ सालीं एका अमेरिकी चित्रमालिकेवरून फिनलंडच्या कंपनीनें रस्तोरस्तीं झॉम्बी मारण्याचा खेळ काढला. आणि त्याच २०१८ सालीं अमेरिकेच्या सैन्यानें मायक्रोसॉफ्ट कंपनीशीं सैनिकांच्या डोळ्यांवर चढविण्याच्या अशाच चष्म्यांसाठीं ४८ कोटी डॉलरांचा करार केला. ग्रबची कांच फिरून आपल्या जागीं गेली.

या खेळांस झॉम्बीच कां लागतो, याविषयीं आमचा एक तर्क आहे. फोनची चौकट लहान, फिरावयास जागा थोडी. तेव्हां शत्रु मंद हवा, सर्व बाजूंनीं येणारा हवा. त्याची चाल मुळांतच लडखडती असल्यानें चित्र थोडें घसरलें तरी खपून जातें. त्यास बोलावयाचें नसतें, त्यामुळें बोलणें लिहावें लागत नाहीं. आणि तो आधींच मेलेला असल्यामुळें मारणाऱ्यास कांहीं लागत नाहीं. आमच्या वेताळाचें उदाहरण घ्या. विक्रमाच्या खांद्यावरचें प्रेत तोंड मिटून बसत नाहीं. तें गोष्ट सांगतें, पेंच घालतें, उत्तर मागतें. त्यास वाहून न्यावें लागतें. असला प्राणी नेमबाजीच्या कामाचा नाहीं.

मुलें असले खेळ खेळून हिंस्र होतात, अशी ओरड आम्ही करणार नाहीं. लहानपणीं बेचकीनें आम्हीं ज्या सरड्यांस मारलें ते खरे होते. आमचें म्हणणें दुसरेंच आहे. गेल्या सव्वाशें वर्षांत बंदूक हळूहळू वितळत गेली: प्रथम गोळीचा प्रकाश झाला, मग नळींत डोळा आला, आणि आतां फोनमध्यें बंदूक मुळींच उरली नाहीं, ज्या चौकटींतून पाहावयाचें तिच्यांतूनच मारावयाचें. आणि याच काळांत पलीकडचा माणूसहि वितळत गेला. जो राबविला गेला तो राक्षस झाला. डोंबिवलीच्या नांवावर कोटि करून २०२२ सालीं ‘झोंबिवली’ नांवाचा मराठी चित्रपटहि निघाला. कल्याणच्या शांबरी मायेपासून अवघ्या दोन स्टेशनांवर!

परत निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांस हैतीची ती कथा सांगितली. त्यास ती आवडली, विशेषतः हातांनीं माती उकरण्याचा भाग. मग त्यानें मोबाईल उघडून ओसरीवर पुनः एक प्रेत उभें केलें. या खेपेस तें खुर्चीच्या मागें होतें. “काका, मीठ देतां येतं का बघूं,” असें म्हणून त्यानें शस्त्रांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. पिस्तूल, रायफल, कुऱ्हाड, आग फेंकणारी नळी, हातबाँब. मीठ नव्हतें. प्रेत एव्हांना खुर्चीस वळसा घालून अगदीं जवळ आलें होतें. “मारूं?” त्यानें विचारलें. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच त्याच्या आईनें स्वयंपाकघरांतून चहाची हांक मारली, आणि तो फोन सतरंजीवर उपडा टाकून धांवत आंत गेला.